बोटीत एक जागा

परवा दुपारी सव्वाचारला सुरू झालं, सिंथिया — दार लावू नकोस गं, मी भांडायला नाही आले, चपला पण बाहेरच काढल्यात. खाली नळाजवळच्या टबात कागदाची बोट कोणी सोडली? तुझ्या रेनॉल्डने. तिला दोऱ्याने प्लॅस्टिकचा मासा कोणी बांधला? माझ्या सईने. ती म्हणाली ही मनूची बोट, मासा ओढतो. हा म्हणाला बायबलातल्या नोहाची आहे, तुम्ही चोरलीत. झालं — अख्खं जग कोणाच्या देवाने बुडवलं, त्या मानासाठी दोघं झिंज्या उपटतायत.

इथपर्यंत ठीक ना? पोरं आहेत. पण आपल्या दोघींच्या सासवा खाली उतरल्या आणि वाट लागली. माझी म्हणते, तुम्ही आमची देवळं फोडलीत. आता तुझ्या सासूबाई काय पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरल्या? पिढ्यान्‌पिढ्या वाकोल्यातल्याच — देवळं फुटली ती त्यांच्याच खापरपणज्यांची असतील. पण त्या तरी गप्प बसतील? म्हणाल्या, तुमच्या परशुरामाने एकवीस वेळा क्षत्रिय संपवले. मला मेलीला हसू आलं. सातवीच शिकलेय, पण एवढं कळतं ना — पहिल्याच वेळी संपले, तर पुढच्या वीस वेळा मारायला आणले कुठून? तिथेच विचारलं. दोघी एकदम माझ्यावर. तेवढ्यापुरतं त्यांचं जमलं.

हसतेस काय? ऐक. भांडताना रेनॉल्ड म्हणाला, तुला बोटीत घेणार नाही. तेव्हापासून पोरगी अंघोळीला बसत नाही. सकाळी वरची टाकी वाहिली, तर पलंगावर चढून उभी, दप्तर पोटाशी धरून. मला विचारते, बाकीची पोरं बुडाली ना, त्यांनी काय केलं होतं? काय सांगू? घाबरून बोलून गेले, मासे झाली ती. आता मासे पण खात नाही.

आणि माझ्या सासूबाई म्हणतात, त्या घरात पाय ठेवायचा नाही. कोण म्हणतंय बघ — सई तापाने फणफणली होती, तेव्हा दर शुक्रवारी पदराखाली झेंडूची माळ लपवून नाक्यावरच्या क्रुसाला कोण... जाऊ दे. मी काही बोलले नाही, तू काही ऐकलं नाहीस.

आतून तुझ्या सासूबाईंचा आवाज येतोय. निघते मी. रेनॉल्डला एवढंच सांग — सईला बोटीत जागा ठेव. मासा तिच्याकडेच आहे, म्हणावं.