सांबार आणायला चाललो

नाही, पण मला एक सांगा, माणसानं घराबाहेर पाऊल टाकलं की त्याला कुठंतरी जायचंच असतं, हा नियम केला कुणी? नुसतं चालायला म्हणून निघता येत नाही का? आमच्या नागपूरच्या सक्करदऱ्यात नाही येत. तुम्हाला सांगते, मी एडिनबराला शिकायला होते, सार्वजनिक आरोग्य, तिथं माणसं वाऱ्यात, पावसात, चिखलात चालत सुटतात आणि कुणी कुणाला हटकत नाही, एकदा तर मी अख्खी दुपार चालले आणि एका कुत्र्याशिवाय माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, आणि इथं... इथं फाटकाची कडी वाजली की समोरच्या ओसरीतून आवाज आलाच, "काहून गा सुमंतभाऊ, कुठी चालले?"

हे रामाजीकाका. यांचं धान्याचं दुकान होतं, ते मुलाच्या हवाली केलं आणि आता ओसरीत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. मनानं इतके चांगले की विचारू नका, पण गल्लीतून मांजर गेलं तरी त्याला विचारतील, कुठी चालली. आणि ज्यांना विचारतात ते सुमंतभाऊ म्हणजे माझे बाबा. सरकारी कचेरीत कारकून होते, निवृत्त झाले आणि गेल्या सप्टेंबरात, गणपती उठले त्याच आठवड्यात, छातीत दुखलं. स्टेंट टाकला. माझं परत यायचं ठरलेलंच होतं हो, आपल्या गावात काम करायचं, लोकांना आजारी पडायच्या आधीच गाठायचं, सगळं ठरलेलं होतं; बाबांच्या हृदयानं फक्त तारीख अलीकडे ओढली.

तर डॉक्टर म्हणाले, रोज चाला. गोळ्या त्यांचं काम करतील, तुमचं काम तुम्ही करा, नाहीतर पुन्हा इथंच भेटू, आणि पुढच्या भेटीचा मला काही भरवसा देता येणार नाही. इतक्या गोड आवाजात म्हणाले ना, की बाबा "हो हो" म्हणत हसले आणि मला पुढच्या भेटीचं ते वाक्य तेवढं ऐकू आलं.

घरी आल्यावर बाबा खुर्चीत बसले. बसले ते बसलेच. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली. मी म्हटलं, बाबा, चला. बाबा म्हणाले, उद्या. उद्या म्हणाले, ऊन आहे. संध्याकाळी म्हणाले, डास आहेत. मग एक दिवस म्हणाले, आमच्या ऑफिसातला रुपराव रोज तलावाला चक्कर मारायचा, आहे का आज रुपराव? मी म्हटलं, अहो बाबा, रुपरावकाका दिवसभर सिगरेटी ओढायचे. तर म्हणे, बघ म्हणजे, चालण्यानं सिगरेटचं काही वाकडं झालं नाही.

आता मी काय साधीसुधी आहे? मी यावर प्रबंध लिहिलाय. नकारात्मक विचार आणि व्यायामाची प्रेरणा. विचार कसा येतो, त्याला कसं ओळखायचं, त्याच्या जागी दुसरा कसा बसवायचा... मी म्हटलं, बाबा, रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं आणि स्वतःला सांगायचं, मी सक्षम आहे, माझं शरीर माझा मित्र आहे. बाबा खरंच उभे राहिले हो. माझ्या शब्दाखातर. बराच वेळ बघितलं आरशात, आणि म्हणाले, "मित्राचे केस वाढलेत." आणि परत खुर्चीत. मग मी सीताबर्डीला जाऊन बूट आणले, नारिंगी, झगझगीत, म्हटलं रंगानं उत्साह येतो. बाबा म्हणाले, हे घालून चौकात गेलो तर ट्रॅफिकवाला मला तिथंच उभा करून ठेवील. आणि घातले. घरात. खुर्चीत बसून, पाय लांब करून, पेपर वाचताना.

आई म्हणायची, "काय त्यांच्या मागं लागून राहिली गं तू, त्यांच्या मनात आलं की उठतील." आई, चारुशीला नाव तिचं, सगळं मनात येण्यावर सोडते. मी नाही सोडत. मी एका दुपारी खुर्चीसमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, बाबा, खरं सांगा, भीती वाटते का? दम लागेल म्हणून? पडाल म्हणून?

बाबांनी पेपरची घडी घातली, मग घडीची घडी घातली आणि म्हणाले,

"अगं, चालायचं काही नाही. फाटकाशी विचारतात ना. नोकरी होती तोवर रोज विचारलं, कुठं चालले, मी म्हणायचो, ऑफिसला. आता काय सांगू? मरायची भीती वाटते म्हणून चाललो?"

तुम्हाला सांगते, माझ्या प्रबंधात फाटक नव्हतं. मी त्यांचे विचार बदलायला निघाले होते आणि त्यांना हवं होतं एक उत्तर, रामाजीकाकांना द्यायला, चारचौघांत मान वर ठेवून देता येईल असं.

आणि ते उत्तर सापडलं कुठं, तर आईच्या भाजीत. नोव्हेंबरची संध्याकाळ, मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये, आईची भाजी गॅसवर, आणि घरात सांबार नाही. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर हो, इडलीबरोबरचं नव्हे, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. आई वैतागून म्हणाली, अहो, तेवढा सांबार आणता का. बाबा कुरकुरत उठले, पिशवी घेतली, कडी वाजली, आणि ओसरीतून आलाच आवाज, "काहून गा सुमंतभाऊ, कुठी चालले?"

"सांबार आणायला चाललो."

असे म्हणाले ना... जसं काही कलेक्टरनं बोलावलंय. मी मीटिंग सोडून खिडकीशी गेले. बाबा चालत होते. कोपऱ्यावर वळताना एकदा मागं बघितलं आणि गेले. आणि येईनात. भाजी झाली, गार झाली, मी चप्पल शोधायला लागले, तेवढ्यात आले, कपाळावर घाम, हातात ही मोठी जुडी. कोपऱ्यावरच्या गाडीवरचा सांबार पिवळा होता म्हणे, म्हणून तलावापलीकडं सत्यवतीबाईच्या दुकानापर्यंत गेलो, त्या म्हणाल्या सकाळी या भाऊ, सकाळी माल ताजा असतो.

बस्स. मी आणि आईनं त्या क्षणी एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, अहो, सांबार संपला. तिसऱ्या दिवशीही संपला. चौथ्या दिवशी तर मी स्वतः तो शेजारी नेऊन दिला, म्हणजे संपला. आणि बाबा रोज, नारिंगी बूट घालून, कडी, रामाजीकाका, कुठी चालले, सांबार आणायला चाललो.

पण थंडीचे दिवस हो. थंडीत नागपुरात सांबार किती येतो माहितीये ना? आणि सत्यवतीबाई बाबांना रोजचं गिऱ्हाईक म्हणून वर एक जुडी जास्तीची घालायच्या. फ्रिज उघडला की आत शेत. आणि आमच्या आईला टाकणं माहीत नाही, आई पानातला कढीपत्तासुद्धा चावून खाते... मग काय करणार ती? सांबारवडी. सांबार, खसखस, खोबरं, बेसनाच्या पारीत गुंडाळायचं आणि तळायचं. कढईभर तेलात. म्हणजे बघा, हृदयासाठी म्हणून माणूस सकाळी चालून येतो आणि दुपारी त्याच चालण्याची वडी करून खातो, वर कढी ओरपतो! मी म्हटलं, आई, मी भाजते ओव्हनमध्ये. भाजली. बाबांनी एक घास घेतला, वडीकडे नीट बघितलं आणि विचारलं, "हिलापण स्टेंट टाकला का?" शेवटी तह झाला, बाबांना एक, बाकीच्या गल्लीला. रामाजीकाकांना त्या थंडीत मोठ्या मापाची पँट घ्यायची वेळ आली.

आणि इकडं माझं काय, तर हुडकेश्वरला समाजभवनात मी व्यायामाचा वर्ग सुरू केला होता, पन्नाशीपुढच्या बायकांसाठी, फुकट. इतका उत्साह होता मला, मी घरोघरी जाऊन सांगितलं, बाई, हा अर्धा तास तुमचा. पहिल्या दिवशी खोली भरली. मग हळद आली, लग्नं आली, कुणाचा गुडघा, कुणाची सून. मार्चमध्ये एक दिवस अशी वेळ आली की मी आणि चौकीदार, आणि चौकीदारानं विचारलं, "मॅडम, पंखा बंद करू का?"

मी पंखा बंद केला आणि घरी येऊन झोपले. दुसऱ्या दिवशी उठले नाही. तिसऱ्या दिवशीही. मला एक एक विचार ओळखू येत होता हो, हा सरसकटीकरणाचा, हा हार मानण्याचा, सगळ्यांची नावं पाठ होती, आणि नावं पाठ असून ते छातीवर बसलेलेच. बाहेर जावं तर रामाजीकाका मलाही विचारायचे, मला त्यांचा वेगळा प्रश्न होता, "काहून वं मुग्धा, परत कधी चालली?" परत नाही चालले काका, इथंच राहायला आले, असं पहिल्या महिन्यात मी ठणकावून सांगायची. आता तोंडातून निघेना.

त्यात एप्रिल लागला. नागपूरचा एप्रिल. सांबाराच्या जुडीत चार काड्या, त्याही माना टाकलेल्या. सत्यवतीबाईंनीच बाबांना सांगितलं की भाऊ, आता पाऊस पडल्यावरच या, उगाच उन्हाचा फेरा. हे बाबांनी जेवताना सांगितलं. संपलं. उत्तर संपलं म्हणजे चालणं संपलं, चालणं संपलं म्हणजे डॉक्टरांचा तो गोड आवाज... आणि मी, जिनं काहीतरी नवीन काढायला हवं होतं, मी भिंतीकडे तोंड करून पडले. मला काही सुचतच नव्हतं.

पहाटे कुणीतरी पलंगाशी उभं. डोळे उघडले तर आधी नारिंगी बूट दिसले.

मी म्हटलं, बाबा, बाजारात सांबार नाहीये.

"माहीत आहे मला. आणि एवढा सांबार आपल्या तिघांच्या घरात लागत नाही, लग्नघरातही लागत नाही. मला कळत नव्हतं का?"

मी उठून बसले. म्हटलं, मग रोज जात का होतात?

बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "तू इथं उभी राहायचीस. मी कोपऱ्यावरून वळून बघायचो. तुझा चेहरा जरा सैल झालेला असायचा. म्हणून जायचो."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलत सुटले, की बाबा, आज नको, उकडतंय, आणि चालून होतं काय, वर्गाला कुणी येत नाही, मी परत आले तेच चुकलं बहुतेक, आणि बाहेर पडलं की विचारतात, मी काय सांगू... बाबांनी सगळं ऐकून घेतलं. एकही विचार दुरुस्त केला नाही. खाली बसले, स्टेंटवाला माणूस, गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली बसले आणि पलंगाखालून माझे बूट काढून माझ्यासमोर ठेवले.

फाटकाची कडी वाजली. उजाडायचं होतं अजून, वाटलं ओसरीत कुणी नसेल. पण उन्हाळ्यात रामाजीकाका ओसरीतच झोपतात. खाटेवरून आवाज आलाच.

"काहून गा सुमंतभाऊ, बापलेक कुठी चालले इतक्या सकाळी?"

मी जागच्या जागी थबकले. सांबार नाही, पिशवीसुद्धा नाही. मी बाबांकडे बघितलं, आणि बाबांनी ती मान वर केली, ऑफिसला जातानाची, आणि रामाजीकाकांच्याच बोलीत म्हणाले,

"पोरीले फिरवाले चाललो. डॉक्टरनं सांगितलं नं तिले."

"अरे बापा," रामाजीकाका खाटेवर उठूनच बसले. "इतक्या लहान वयात?"

"विदेशात राहून आली नं," बाबा म्हणाले आणि माझा हात धरून निघाले.

तलावापर्यंत गेलो आम्ही. बाबा पुढं, मी मागं, आणि परत येईपर्यंत गल्लीला सगळं कळलेलं होतं. आता सत्यवतीबाई माझ्यासाठी आवळे बाजूला काढून ठेवतात. कोपऱ्यावरच्या एक काकू मला बघून पदर डोळ्याला लावतात. हुडकेश्वरच्या बायका भेटायला येऊन गेल्या, म्हणाल्या, व्यायामानंच असं झालं असेल हो. आई म्हणते, सांग ना सगळ्यांना की तुला काही झालं नाही. कसं सांगू? बाबा एक दिवस चुकवत नाहीत. मी पाच मिनिटं लोळले तर दार वाजवतात, म्हणतात चल, तुझ्या तब्येतीशी खेळ नको. मे महिन्याच्या उन्हाच्या आधी, अंधारात, नारिंगी बूट पुढं आणि मी मागं.

काय करता... कडी वाजली आणि खाटेवर हालचाल झाली की मी आता आपली थोडीशी लंगडते.