उसनी पुस्तकं

मी आर्वीकडची, वर्धा जिल्ह्यातली. बाप विहिरी खोदायचा, शाळा सातवीपर्यंत झाली आणि मग लग्न झालं ते थेट दिल्लीच गाठली. आमचे हे सरकारी ऑफिसात शिपाई होते, लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर होतं, आणि लग्नात त्यांनी मला काय दिलं माहीत आहे का ताई, सोनं नाही नाणं नाही, एक जाडजूड पुस्तक दिलं, इतिहासाचं. पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं, शोभास सप्रेम भेट, वाचून झालं की मला सांग. आता सातवी शिकलेली बाई ते कधी वाचणार? मी त्याला माझ्या लग्नाच्या ब्लाउजपीसचं लाल कव्हर शिवलं आणि ठेवलं भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोखाली. ते विचारायचे, झालं का वाचून, मी म्हणायची, पोळ्या तुम्ही लाटा, मग वाचते. हसायचे. आणि मग एक दिवस ऑफिसातच छातीत दुखलं, आणि गेले. क्वार्टर सोडावं लागलं, मी पोरीला घेऊन गाझियाबादला आली, एका खोलीत.

तिथं हे आपलं कॉलेज. आपल्याच लोकांनी काढलेलं, विदर्भातून, मराठवाड्यातून नोकरीला आलेल्यांनी, पगारातून वर्गणी काढून. म्हणजे बाहेर आपल्या पोरांना ज्या नजरेनं बघतात ती नजर इथं नको म्हणून. मला तिथं शिपायाचं काम मिळालं, माझी करुणा तिथंच बी.ए. झाली, पहिली आली. पण पुढचं तिथं नव्हतं ना काही! बी.ए.पर्यंत सगळं, त्यापुढे जा म्हणे बाहेर.

गेली बाहेर. मोठ्या विद्यापीठात नंबर लागला, मी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. आणि काय सांगू तुम्हाला, दिवाळीच्या आत परत आली. काऊन आलीस म्हणून रोज विचारलं. मग हळूहळू निघालं. वर्गात उभी राहून बोलायला लागली की मागून कोणीतरी म्हणायचं, इनका तो हो ही जाता है यार, म्हणजे ही कोट्यातून आलेली. रोज. कधी हसून, कधी नुसतं खोकून. आई, म्हणाली, मला तिथं तोंडच उघडता येत नाही. माझी पोरगी, जी कॉलेजात स्टेजवरून उतरायची नाही! मला असा राग आला, असा राग आला, मी भांडी आपटली, दुसरं काय करणार. पुस्तकं तिनं पलंगाखाली ढकलली आणि नोएडातल्या कंपनीत फोनवर बोलायची नोकरी बघितली. म्हणाली, आपल्या कॉलेजात एम.ए. निघालं तर शिकीन, नाहीतर नव्या वर्षाच्या एक तारखेपासून कामावर, आणि मग परत नाव काढायचं नाही.

आमच्या प्रिन्सिपल मॅडम लातूरच्या, कडक बाई, त्यांनी एम.ए.ची परवानगी मागितलीच होती, इतिहास आणि समाजशास्त्र. खोल्या झाल्या, मास्तर मिळाले, पण लायब्ररीत पुस्तकं कमी. आणि परवानगीआधी बघायला विद्यापीठाचे तपासणीवाले येणार तोंडावर. मॅडम म्हणाल्या, शोभाताई, आपल्या लोकांच्या घरी भांडी कमी पण पुस्तकं जास्त, उसनी आणू, तपासणी झाली की परत. तर बाप्पा, लोकांनी आणली! पिशव्यांतून, सुटकेसमधून, लक्ष्मीबाई नगरातून मेट्रोनं आणली. आणि प्रत्येक पुस्तकावर काहीतरी लिहिलेलं, लग्नाचं, रिटायरमेंटचं, सप्रेम भेट, सप्रेम भेट. आपल्यात साखर नाही देत, पुस्तक देतात. मॅडम म्हणाल्या, नावांवर पट्ट्या चिकटवा, वर कॉलेजचा शिक्का मारा. मी बसून सगळ्यांवर चिकटवल्या. मीही माझं लाल कव्हरचं आणलं होतं, त्यावर मात्र माझा हात चालेना. त्यांचं अक्षर आहे हो ते. दुसरं आहेच काय माझ्याकडे? म्हटलं राहू दे, इतक्या पुस्तकांत कोण उघडतं.

आणि लाल कव्हर! अख्ख्या कपाटात तेवढंच लाल. आले तपासणीवाले, त्यात मोठे सर पांढऱ्या केसांचे, सरळ कपाटाशी गेले आणि काढलं तेच. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. त्यांनी पहिलं पान उघडलं, हिंदीवाले असले म्हणून काय, हिंदी-मराठीची अक्षरं तर तीच, सावकाश वाचलं, शोभास सप्रेम भेट. ये शोभा कौन हैं? मॅडमचा चेहरा पांढराफटक. करुणा दारात, जुनी विद्यार्थिनी म्हणून उभी केलेली, ती माझ्याकडेच बघत होती.

आता सांगा, मी काय म्हणू? माहीत नाही म्हटलं तर नवऱ्याला नाकारलं, माझं आहे म्हटलं तर चोरी उघडी. ट्रे ठेवला आणि म्हटलं, मैं हूँ सर. मेरी शादी की किताब है. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, तो यहाँ क्या कर रही है, शाम को घर ले जाओगी? आणि ताई, खरं सांगते, मी ते उसनंच आणलं होतं, संध्याकाळी नेणारच होती. पण पोरीचं तोंड दिसलं समोर आणि माझ्या तोंडून निघून गेलं, नहीं सर, दे दी. कॉलेज को भेंट दे दी.

मागे आमचे वानखेडे काका होते, रिटायर्ड, पुस्तकं परत न्यायला रिकामी ट्रॉली बॅग घेऊनच आलेले. ते पुढे झाले, आपल्या पुस्तकावरची पट्टी नखानं खरवडून काढली आणि म्हणाले, सर, यह मेरी है. मैंने भी दे दी. मग जोशात अजून दोघं. काकूंनी घरी त्यांना काय काय सुनावलं ते वेगळंच, म्हणे माझ्या बापाची पुस्तकं वाटायला तुम्ही कोण! पण परत कोणी काही नेलं नाही. सरांनी हातातलं पुस्तक जागेवर ठेवलं आणि चहा मागितला.

मग वाट बघणं. तो महिना देवानं दुश्मनालाही देऊ नये, असं म्हणतात ना, तसा गेला. करुणा कंपनीत जाण्यासाठी कपडे इस्त्री करून ठेवायची आणि माझ्याकडे बघायची नाही. एक तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी मॅडम माझ्यामागे जिना धावत उतरल्या, एवढी कडक बाई, आणि मला मिठीच मारली. मिळालं, एम.ए. मिळालं!

आता माझी पोरगी तिथं एम.ए. करते, वर्गात एवढं बोलते की मास्तर म्हणतात बस कर. आणि माझं पुस्तक? ते आता कॉलेजचं झालं, घरी न्यायला मिळत नाही. मलासुद्धा नाही, लायब्ररीवाला नियम दाखवतो मेला. मग ड्युटी संपली की मी तिथंच बसते, एकेक शब्द जुळवत वाचते, अडलं की करुणाला हळूच विचारते. अर्ध्यावर आली आहे. त्यांनी म्हटलं होतं ना, वाचून झालं की सांग. ते तर नाहीत आता. पोरीला सांगीन. शिकू द्या सगळ्यांच्या पोरींना, एवढंच म्हणणं आहे माझं, जयभीम.