डॉक्टरचं नाव घातल्याबिगर

दीक्षा : चपला बाहेर, केरबाकाका. आणि ती तंबाखूची पुडी खिशातच राहू द्या. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही.

केरबा : मिल्ट्रीत दारूगोळ्याच्या कोठारात शिरताना एवढं सोंग न्हवतं गं. घे, काढल्या. आता दाव, माझं नाव कुठं हाय?

दीक्षा : हे बघा. केरबा सिद्धू जगदाळे, बॉयलर खातं. आपल्या कारखान्याच्या दवाखान्यातली पहिली छापील चिठ्ठी तुमच्या नावानं निघणार. मला तर रात्री झोपच नव्हती.

केरबा : व्हय की गं. हिरवं हिरवं लुकलुकतंय. माझा बाप जल्मात कारखान्याच्या फाटकाच्या आत आला न्हाई, अन् आज बघ, थेट काचंत जाऊन बसला. धोंडिरामची पोर लय शिकली म्हनायची. पर ह्यानं माझं औषधाचं बिल पास व्हनार का? हापिसानं दोन बारीला परत धाडलं. म्हनत्यात, कुठली गोळी कितीला त्येची फोड न्हाई, डॉक्टरचं नाव वाचाय येत न्हाई.

दीक्षा : म्हणून तर हे आणलं. एकेक औषध, त्याची किंमत आणि लिहून देणारा डॉक्टर. हे सगळं भरल्याशिवाय तो पुढच्या ओळीवर जातच नाही. मी आणि तो सांगलीचा कॉम्प्युटरवाला, डोकं धरून बसलो होतो ह्याच्यापायी. पेशंटचं नाव सांगा.

केरबा : आपली ती. भाईर बाकड्यावर बसलीया की.

दीक्षा : मग ‘आपली ती’ असंच छापून येईल हं.

केरबा : अंबूबाई. घाल. लग्नात घेतलं हुतं नाव, त्येच्यामागं आजच.

दीक्षा : आजार कसला?

केरबा : साखर हाय. अन् आता देवीचं निघालंय.

दीक्षा : म्हणजे?

केरबा : मंगळवारचा उपास धरती. दुपार झाली की दरदरून घाम फुटतो, हात लटलटा कापत्यात, डोळं फिरवती, कायबाय बरळती. चाळीतल्या बायका म्हनत्यात, अंगात यमाई आली. वटी भरत्यात, पाया पडत्यात. म्या म्हनलं, आली तर येऊ दे, आपल्या घरात देवी आली. पर गेल्या मंगळवारी पडली ती उठंचना. पोरी, एकाहत्तरच्या लढाईत भ्यालो न्हाई तेवढा भ्यालो मी. म्हनून आज तिलाबी संगं आनलीया.

दीक्षा : हे आधी का नाही सांगितलंत? द्या त्या गोळ्या इकडे. ही पहिली कुणी दिली?

केरबा : सांगलीच्या शिरगुप्पे डॉक्टरनी. ही बघ त्यांची चिठ्ठी.

दीक्षा : किंमत पट्टीवरच आहे. झाली ही ओळ. आता ही दुसरी?

केरबा : तीबी त्यांच्याच नावावर घाल.

दीक्षा : घाल म्हणजे? त्यांच्या चिठ्ठीत ही गोळीच नाही.

केरबा : आगं, जाऊ दे की एकाच नावावर. कोन बघतंय?

दीक्षा : पहिल्याच चिठ्ठीवर खोटं नाव घालू? तुमचं बिलही जाईल आणि माझी नोकरीही. खरं सांगा काका, कुणाची आहे?

केरबा : दहिवडीच्या धुळा वाघमोडे डॉक्टरची. ही दिवाळीपातुर गावाकडंच हुती न्हवं? तवापासनं चालू हाय.

दीक्षा : शिरगुप्पे डॉक्टरांना हे माहीत आहे?

केरबा : कसं सांगायचं? एका डॉक्टरम्होरं दुसऱ्याचं नाव काढलं की त्येला वाटनार, ह्येचा आपल्यावर इस्वास न्हाई. अन् धुळा तर शाळंत माझ्या बाकावर बसायचा. त्येची गोळी सोडली म्हनून कळलं, तर गावात तोंड कुठं दावू? म्हनून दोघांच्याबी चालू ठेवल्या. दोघांचाबी मान राहिला.

दीक्षा : थांबा. ह्या पट्टीमागचं बारीक अक्षर वाचू द्या. मूळ औषधाचं नावही भरावं लागतं. काका, इकडं या. तुम्हाला इंग्रजी अक्षरं लागतात ना?

केरबा : मिल्ट्रीनं शिकिवलीत. जी, एल, आय, बी... अन् खालच्या वळीत... जी, एल, आय, बी. पोरी, ह्या दोन्हीबी एकच हायत की.

दीक्षा : कंपनी वेगळी, रंग वेगळा, किंमत वेगळी, डॉक्टर वेगळा. औषध तेच. काकू दुप्पट गोळी घेतायत, काका. त्यावर मंगळवारी पोटात अन्नाचा कण नाही. रक्तातली साखर पार तळाला जात असणार. घाम, थरथर, बरळणं, सगळं त्यानंच होतं.

केरबा : म्हंजी यमाई...

दीक्षा : आज वार कुठला?

केरबा : मंगळवार.

दीक्षा : सकाळी गोळ्या घेतल्या त्यांनी?

केरबा : दोन्हीबी. माझ्या हातानं दिल्यात.

दीक्षा : जा, धरून आणा त्यांना. पळा. मी साखरेचं पाणी करते.

(केरबा अनवाणीच बाहेर धावतो आणि अंबूबाईला धरून आत आणतो. तिचे हात कापताहेत, ती चाचपडत चालते आहे.)

अंबूबाई : आवं, चपला तर काढू द्या. हितं यंत्र हाय म्हनत हुता न्हवं?

दीक्षा : राहू द्या चपला, काकू. हे घ्या, सगळं पिऊन टाका.

अंबूबाई : साखर? मला साखर बंद केलीया. अन् आज उपास हाय माझा. देवीला काय वाटंल?

केरबा : तुला जास्तीच्या गोळ्या देवीनं न्हाई दिल्या, अंबू. म्या दिल्या. पी.

अंबूबाई : बया! चारचौघांत नाव घेता व्हय?

केरबा : घेतो. पी आधी.

दीक्षा : हॅलो, शिरगुप्पे डॉक्टर आहेत का? कारखान्याच्या दवाखान्यातून दीक्षा बोलतेय. डॉक्टर, अंबूबाई जगदाळे. हो, त्याच. त्यांना दहिवडीची दुसरी गोळी चालू होती, तेच औषध. नाही, तुम्हाला सांगितलंच नव्हतं. हो, शुद्धीवर आहेत, साखरपाणी घेतलंय. लगेच खायलाही देते. दोन्ही गोळ्या बंद. हो, कारखान्याची जीप मागवते, आत्ताच घेऊन येतो. ठेवते.

केरबा : रागावलं का गं?

दीक्षा : धुळा डॉक्टरांचा नंबर मागितला, काका. म्हणाले, दोघं बोलून ठरवतो.

केरबा : आन् मी मान राखत बसलो हुतो.

अंबूबाई : आवं, हात बघा माझा. कापायचा थांबला.

दीक्षा : थांबला! काका, खरंच थांबला. डोळ्यापुढची अंधारी?

अंबूबाई : गेली. तू दिसतीयास, ह्ये दिसत्यात, त्यो हिरवा दिवाबी दिसतोय.

केरबा : दर मंगळवारी तुला ह्ये असं व्हायचं, मग बोलली का न्हाईस गं?

अंबूबाई : कसं बोलायचं? बाया पायावर डोकं ठेवायच्या, लेकराबाळांचं मागनं मागायच्या. मला आतनं वाटायचं, मी आता मरतीया. पर त्यास्नी म्हनू, देवी न्हाई ही, मला भ्या वाटतंय म्हनून? हिरमुसल्या असत्या बिचाऱ्या.

केरबा : म्हंजी आपुन दोघंबी एकाच माळंचं मनी.

दीक्षा : काका, दुसऱ्या ओळीत डॉक्टरचं नाव अजून रिकामंच आहे. काय घालू?

केरबा : धुळा वाघमोडे, दहिवडी. ठळक घाल. बिल मिळू दे, न्हाईतर बुडू दे. ह्यो कागद दोन्ही डॉक्टरास्नी म्या सोता नेऊन दावनार हाय. जीप येईस्तवर माझा डबा सोड गं. भाकरी हाय, मेथी हाय.

अंबूबाई : बाया म्होरं नारळ ठिवायच्या, पेढं ठिवायच्या, केळी ठिवायच्या. अन् मला अशी भूक लागल्याली असायची, अशी भूक. पर देवीला कुनी खा म्हनलं न्हाई.

केरबा : खा, अंबू.