धाकटीचा श्वास

डॉक्टर : अजून थोडं फुंका, ताई. नळी घट्ट धरा.

ताई : खालचा अर्धा जबडा कापून काढलाय माझा. घट्ट धरू कशात, डॉक्टरीणबाई?

डॉक्टर : पुरे, झालं. बाटलीला बूच लावते.

धाकटी : नुसत्या श्वासातून काय कळणार?

डॉक्टर : घड्याळाच्या तबकड्यांवर तुमची बहीण रेडियमचा रंग लावायची. ते रेडियम पोटात गेलं आणि हाडांत जाऊन बसलं. त्याचा वायू सुटत राहतो, तो श्वासातून बाहेर येतो. आमचं यंत्र तो ओळखतं. बघा, काटा सरकला.

ताई : बघ, डोळे फाडून बघ. कंपनीचा डॉक्टर म्हणतो, मी तोंड नीट धूत नव्हते म्हणून दात पडले. मेल्याला काय जातं बोलायला? मुकादम रोज खेकसायचा, कुंचला फडक्याला पुसू नका, रंग वाया जातो, ओठांनी टोक काढा. आणि वरच्या मजल्यावरचे रसायनवाले तोच रंग शिशाच्या पत्र्याआड उभं राहून कालवायचे. त्यांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

धाकटी : ताई, जाऊ दे ना आता. कंपनीचे साहेब स्वतः घरी आले, किती गोड बोलले. मला उद्यापासून मुकादम केलंय त्यांनी. तू फक्त सोमवारी कंपनीवरच्या दाव्याच्या सुनावणीला जाऊ नकोस.

ताई : गोड बोलून गळा कापणारा माणूस तो. मी जाणार. चालता आलं नाही तर उचलून न्या.

डॉक्टर : एक अडचण आहे. ते म्हणतील, काटा कुणाच्याही श्वासानं हलतो. म्हणून रंगाला कधीच न शिवलेल्या माणसाचा श्वास हवा. त्याच घरातला असेल तर उत्तम.

ताई : ही आहे की. पॅकिंगला असते. मी आजारी पडले तेव्हाच हिला शपथ घातली होती, रंगाच्या बाकाकडे फिरकायचं नाही. फुंक गं.

धाकटी : मला सर्दी झालीय.

ताई : सर्दी झाली म्हणून श्वास घ्यायची थांबलीस का? फुंक म्हणते ना.

(धाकटी फुंकते. डॉक्टर बाटली यंत्राला जोडतात.)

ताई : काय हो बाई, काटा का हलतोय?

डॉक्टर : बाटली नीट धुतली गेली नसेल. दुसरी घेऊन पाहू.

धाकटी : नका घेऊ. बाटली स्वच्छ आहे.

ताई : म्हणजे?

धाकटी : पॅकिंगच्या बायका कमी केल्या गं त्यांनी. मी बाकावर बसते. खिडकीपाशी, तुझ्याच जागी.

ताई : आणि कुंचला?

धाकटी : ओठांनीच. फडकं दिसलं की अजून खेकसतात.

ताई : अगं, मला सांगायचं तरी.

धाकटी : सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंस. मग घर कुणी चालवायचं?

डॉक्टर : ऐका. काटा थोडाच हललाय. आजच थांबलात तर पुढचं टळेल अशी आशा आहे. खात्री मात्र देता येत नाही.

धाकटी : साहेब आपल्या घरी खुर्चीत बसून गोड बोलत होते ना ताई, तेव्हा त्यांना माहीत होतं मी कुठं बसते ते.

ताई : आता तुझाही काटा हलला, तर म्हणतील एका आईच्या दोघी, रोग रक्तातच आहे.

डॉक्टर : म्हणतीलच.

धाकटी : मग नात्यात नसलेल्या बायका आणू. बाकावर सगळ्या परक्याच आहेत.

डॉक्टर : येतील त्या? नोकरी जायची भीती असेल.

धाकटी : मुकादमाचं ऐकावं लागतं त्यांना. उद्याचा माझा पहिला हुकूम, कुंचला तोंडात घालायचा नाही. दुसरा, काम सुटलं की सगळ्यांनी इथं यायचं.

ताई : साहेब उभ्या उभ्या काढून टाकेल तुला.

धाकटी : टाकू दे. तोवर मुकादम मीच.

ताई : हसवू नकोस गं, जबडा दुखतो.

धाकटी : बाई, अशा बाटल्या अजून किती आहेत?

डॉक्टर : चार.

धाकटी : मागवून ठेवा. आमचा बाक लांब आहे.