एक पाय हवेत

...आणि वर सगळे मलाच विचारतात, पाय हवेत का ठेवलास? अहो, ठेवायचाच असतो! तुम्हाला सांगते, वर्गात मी ‘हजर’ म्हणते तेसुद्धा बाईंना दोनदा विचारावं लागतं, पण गेले पंधरा दिवस मी एकच वाक्य दिवसातून चाळीस वेळा बोलतेय : हात लावू नका.

कशाला? सांगते ना. आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचा आंबटपणा मोजायची एक काचेची कांडी आहे. तिच्या मीटरमधली आयसी, म्हणजे ती बारीक पायांची काळी चिप, मागे जळली, कुणीतरी साधी बसवली, आणि तेव्हापासून ती कशातही बुडवा, आकडा आपला चौदा. नळाच्या पाण्यात चौदा, लिंबाच्या रसात चौदा! रसायनाच्या सरांनी निकाल देऊन टाकला, "कांडी मेली. शनिवारी भंगारात." आणि मी, जिनं सरांना आजवर फक्त ‘हो सर’ म्हटलंय, ती मी म्हणाले, "सर, मेली नाही. हळू बोलते."

म्हणजे बघा, कांडीतून वीज येते ती अगदी चिमूटभर. ती आयसीनं मोठी करून दाखवायची. पण साधी आयसी काय करते, मोठं करायच्या आधी स्वतःच घोट घेते! वाढप्यानंच पाहुण्याचं ताट चाटून पुसून ठेवलं, तर पाहुणा उपाशीच राहणार की नाही? म्हणून आयसी अशी हवी, जी ऐकते सगळं पण घेत जवळजवळ काहीच नाही. अशी मिळते. मी आणली. दुकानदार चिमटीत धरून म्हणाला, "दिसायला तर सारख्याच दिसतात." मी म्हटलं, काका, हात लावू नका. तिथून सुरुवात झाली.

कारण बोटाचा तेलकट डाग पडला, की त्या डागावरूनच वीज इकडची तिकडे पाझरते! आईनं आपुलकीनं पदरानं पुसलं, गेला दिवस. आत्यानं "बघू गं" म्हणून तान्ह्या बाळासारखं तळहातावर घेतलं, गेला दुसरा दिवस. प्रत्येक वेळी मी आपली स्पिरिटनं धुतेय, बाबांच्या दात घासायच्या ब्रशनं. (हे बाबांना माहीत नाही.) आणि आयसी ज्या पट्टीवर बसवतात, त्या नुसत्या पट्टीवरूनही वीज पाझरते, म्हणून कांडीची तार ज्या पायाला जोडायची, तो आयसीचा पाय मी वर वाकवला आणि हवेतच तार जोडली.

आता आमचे बाबा वायरमन. सुटी तार म्हणजे त्यांच्या लेखी घरात निघालेला साप.

शनिवार उजाडला. प्रयोगशाळेत सर, मुख्याध्यापिका बाई, अर्धा वर्ग, मागे इस्त्रीच्या शर्टात बाबा. सातचा आकडा यायलाच हवा अशा द्रावणात कांडी बुडवली. सात... आठ... साडेनऊ... आकडा आपला जिना चढतोय! सरांनी चष्मा काढला. झाकण उघडते, तर काय... पाय खाली! पट्टीवर नीट दाबून कथलाचा डाग दिलेला, गोल, चकचकीत, इतका सुबक की मला आयुष्यात जमणार नाही.

मागून बाबा हळूच म्हणाले, "सकाळी मीच बसवला. लोंबकळत होता बिचारा."

इतक्यात सर "बघू, बघू" करत पुढे आले, त्यांचं बोट पट्टीपासून वीतभर अंतरावर, आणि मी बोलले. मोठ्यानं. "सर, हात लावू नका."

तुम्हाला सांगते, मुख्याध्यापिका बाईंनी आपले दोन्ही हात पाठीमागे नेले! मग मी कथील तापवलं, पाय उचलला, ब्रशनं धुतलं, वाळू दिलं. कुणी फुंकर मारायला वाकलं, त्यालाही सांगितलं, तोंडही लावू नका. पुन्हा बुडवली. सात. मिनिटभर थांबलो, सातच. लिंबाच्या रसात अडीच. सरांनी स्वतःच्या हातानं भंगाराच्या यादीतून कांडी खोडली.

बाबा गेटपाशी येऊन म्हणाले, "म्हणजे पाय हवेतच पाहिजे होता?" आणि तिथून घरापर्यंत इस्त्रीवाला, दूधवाला, भेटेल त्याला, "आमच्या मुलीनं एक पाय हवेत ठेवलाय. मुद्दाम!" त्या बिचाऱ्यांनी आधी माझ्याच पायाकडे पाहिलं.

सोमवारी सरांनी कपाटातून आणखी एक मेलेला काढला, मंद उजेड मोजायचा सेन्सर. म्हणाले, "हाही हळू बोलत असेल का गं?" बोलतो ना! तोच रोग, तेच औषध. आता बंद खोलीत किल्लीच्या भोकातून येणारा उजेडसुद्धा सांगतो.

दोन्ही आता काचेच्या कपाटात आहेत. काल म्हटलं, जरा धूळ बघावी, म्हणून कपाट उघडायला गेले, तर प्रयोगशाळेचे मामा स्टुलावरून उठले. "पाटी दिसत नाही का, बाळ?"

म्हटलं, मामा, ती पाटी मीच लिहिलीय.

"मग तर तुला पाठच असायला हवी."