जात्यावरची चाल

अमरावतीच्या कापूसबाजारात वजनासाठी गाड्या खोळंबल्या होत्या. माझ्या गाडीच्या सावलीत दोन बाया येऊन बसल्या, एक तरणी, एक पोक्त. दोघींच्या गळ्यात काळ्या दोऱ्यातला क्रूस होता.

"वच्छला, ख्रिस्तशरीराच्या सणाले गानी कोनती म्हनाची, ते आज पाद्रीबाबाले सांगा लागते."

"लॅटिनच घ्या ना, मार्थाबाई. समद्यायच्या संगं म्हनता येते."

"लॅटिन देवळात म्हनू. पवित्र भाकर रस्त्यानं मिरवत नेतानी लोकायले समजलं पायजे. तू जात्याच्या चालीवर बसवलं ना, तेच घेऊ."

"ते नोका घेऊ."

"काहून?"

"मिरवनूक माह्या माहेरच्या गल्लीतून जाते."

"तोंडावर पदर घे. कोन ओळखते?"

"गळा ओळखतीन ना. ते चाल माह्या आईची हाये. पहाटं दळतानी एक कडी मी म्हनो, दुसरी ते म्हने."

"बाप मारन म्हनून भेतं का?"

"मले मारलं तं मारू द्या. पन मी बाटली तवापासून घरात माहं नाव घ्याची बंदी हाये. आईनं एकडाव घेतलं, तं बापानं तिले रातभर ओट्यावर बसवलं."

"मंग ते कायले बाहीर येते? दार लावून घेईन बिचारी."

"दार लावलं तं बरंच होईन, मार्थाबाई. पन माही कडी सरली, अन् सवयीनं आतून तिची कडी आली तं?"

"आली तं येऊ दे. माय हाये तुही."

"मंग तिले त्या घरात कोन ठेवीन?"