कोऱ्या विषयाची मीटिंग

घरून काम म्हंजे लई मज्जा, असं परत कुणी म्हणलं तर हा चहा अंगावर ओतीन. आमची कंपनी मोठी, जुनी, पण माणूस काढायची तिची रीत ठरलेली हाय. मीटिंगचं बोलावणं येतं आणि विषयाची जागा कोरी असते.

परवा धारूरला घरी बसलो होतो, तर माझ्या सायबाकडून तसलंच बोलावणं आलं. मीटिंग उघडली. साहेब म्हणले, "एक वाईट बातमी आहे," आणि लाइट गेली. वायफाय बंद, मोबाइलला रेंज न्हाई.

लॅपटॉप काखेत मारून शेजारच्या सलीमभाईच्या गॅरेजात पळालो. त्यांच्याकडं इन्व्हर्टर हाय.

"काय झालं बे? कावून धापा टाकतो?"

"भाई, वायफाय चालू हाय का? नोकरी चाल्ली माझी!"

मीटिंग परत जोडली. साहेब अजून वाट बघत बसलेले.

"अरे, तुझी नाही, माझी नोकरी गेली," साहेब म्हणले. "आज शेवटचा दिवस. सांगून जावं म्हटलं."

माझा जीव भांड्यात पडला, आणि पडला म्हणून लाजही वाटली. सलीमभाई मागं उभं राहून सगळं ऐकत होते.

"पाठव त्याला इकडं," ते म्हणले. "पंक्चर काढायला माणूस पाहिजेच हाय."

मला हसू आलं, तेवढ्यात लॅपटॉप वाजला. नवीन बोलावणं, ह्या बारीला एचआरकडून. विषयाची जागा कोरी.

मी म्हणलं, "सलीमभाई, दोन माणसं लागतील का?"